नमुन्याबरहुकूम

"हात लावून बघ," दस्तगीरभाई म्हणाला.

मी नळीला हात लावला. इंजिन वीस मिनिटं चालू होतं, रेडिएटरच्या टोपणाजवळ हात नेववत नव्हता, आणि इंजिनातून हीटरकडे जाणारी ही रबरी नळी मात्र माठाच्या पोटासारखी गार होती.

"कॉक उघडलायस न्हवं?" मी विचारलं.

"उघडलाय की. ही दांडी बघ, पार इकडं हाय. आता बंद करतो. आता परत उघडतो. काय फरक पडला?"

फरक काहीच पडला नव्हता. नळी गार ती गारच.

बॉनेटभोवती आम्ही चौघं उभे होतो. दस्तगीर मुल्लाणी हा गाडीचा मिस्त्री. गाडीच्या मालकीण डॉक्टर द्वारका प्रभुदेसाई, वय एकाहत्तर, पांढरं सुती पातळ आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांच्याशेजारी त्यांचा भाचा श्रीनिवास, बँकेत अधिकारी, घरात शिनू. चौथा मी, भूपाल मगदूम. उद्यमनगरात माझं लेथचं दुकान होतं, आणि दस्तगीरभाई ज्या पितळी कॉकची, म्हणजे पाण्याच्या चावीची, दांडी इकडून तिकडे करत होता तो कॉक मी घडवलेला होता.

चौऱ्याण्णव सालचा मे महिना. कोल्हापुरात चाळीस अंश ऊन, आणि आम्ही चौघं राजारामपुरीतल्या बाईंच्या अंगणात हीटर गरम होत नाही म्हणून हवालदिल झालो होतो. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला, काय चाललंय ते त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून निघून गेला.

भर उन्हाळ्यात हीटर कशाला, हे सांगायला हवं. बाईंची गाडी म्हणजे छप्पन सालची हिरवी मॉरिस. त्या नव्या डॉक्टर असताना घेतलेली आणि तेव्हापासून स्वतः चालवलेली. बाईंचं माहेर करूळ घाटाच्या खाली, कोकणात. तिथल्या शाळेच्या एका खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी त्या बायकांना फुकट तपासायच्या. दवाखाना बंद केल्यावरही हे त्यांनी सोडलं नव्हतं. पण आधीच्या महिन्यात परतताना गाडी घाटात उकळली. बाई रस्त्याकडेच्या दगडावर चार तास बसून राहिल्या. शेवटी शिनूभाऊंनी जीप नेऊन गाडी ओढून आणली.

त्यानंतर भाऊंनी अट घातली. येत्या सोमवारी ते बरोबर येणार. घाट चढताना गाडी गार करायला एकदाही थांबावं लागलं नाही, तर ते पुन्हा हा विषय काढणार नाहीत. थांबावं लागलं, तर गाडी ठाण्याच्या एका हौशी माणसाला जाणार. तो जुन्या गाड्या जमवायचा आणि सहा महिने मागे लागला होता. बाई हो म्हणाल्या. मूलबाळ नव्हतं, हा भाचाच काय तो सगळा होता, आणि त्याचं काळीज त्या चार तासांत किती हललं असेल ते त्यांना दिसत होतं.

दस्तगीरभाईनं रेडिएटर साफ केला, नवा पट्टा घातला, तरी त्याची खात्री होईना. तेव्हा त्याला हीटर आठवला. त्याचं म्हणणं असं की हीटर म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच. घाटात तो उघडला की इंजिनची गरमी गाडीत येते. माणसं भाजतात, पण इंजिन वाचतं. बाईंच्या हीटरचा कॉक जाम झालेला होता. सोडवताना त्याचा बोल्ट बसवायचा एक कान तुटला. असला कॉक बाजारात मिळणं शक्य नव्हतं, म्हणून तो फडक्यात गुंडाळून त्यानं माझ्याकडे आणला आणि म्हणाला, "असाच कर. हुबेहूब."

हुबेहूब हा शब्द माझ्यापुढं उच्चारायची गरज नव्हती. आमचा धंदाच त्याच्यावर चालायचा. गिऱ्हाईक नमुना आणून टाकायचं, आम्ही कॅलिपर लावून मापं घ्यायची आणि दुसरा तसाच काढायचा. ती वस्तू पंपाची आहे की पिठाच्या गिरणीची, हे विचारायचं नाही. माझे वडील म्हणायचे, "नमुन्याला बघायचं, मालकाला न्हाई. मालक चार गोष्टी सांगतोय, त्यातल्या तीन खोट्या असत्यात. नमुना खोटं बोलत न्हाई." मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि त्यांच्यामागं अठरा वर्षं तेच केलं. दोन वस्तू शेजारी ठेवल्या तर नवी कुठली ते फक्त चकाकीवरून कळावं, ही माझी ऐट होती. उद्यमनगरात मला त्यासाठी मान होता आणि तो मला जरा जास्तच चढला होता.

म्हणून त्या शुक्रवारी नळी गार राहिली तरी मी निवांत होतो.

"माझ्याकडून काय न्हाई," मी म्हणालो. "नमुन्याबरहुकूम हाय."

दस्तगीरभाईनं इंजिन बंद केलं, पाणी काढलं आणि कॉक सोडवला. तोंडाला लावून फुंकला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण हवा पार गेली नाही. मग त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

बाईंनी हात पुढे केला. घरातून त्या घसा तपासायची बॅटरी घेऊन आल्या, आणि आधी माझा कॉक, मग तुटक्या कानाचा जुना कॉक उजेडात धरून त्यांनी दोन्हींच्या तोंडात बघितलं. अगदी पेशंटला आ करायला लावतात तसं.

"मगदूम, इकडे या. आत हे काय आहे?"

"भिंत हाय."

"कशाची?"

"पितळेची. नमुन्यात हाय ती, म्हणून ठेवली."

"नमुन्यात आहे ते मला दिसतंय. पण पाण्याच्या चावीत मधोमध भिंत कशाला असेल?"

 खरं सांगायचं तर ती भिंत ही माझ्या दृष्टीनं त्या कॉकमधली सगळ्यात सुंदर गोष्ट होती. दोन्ही बाजूंनी भोक पाडत यायचं आणि मध्ये बरोबर दीड सूत पितळ अखंड ठेवायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. सरळ आरपार भोक पाडलं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं. ती भिंत राखायला मला तीन तास जास्त लागले होते. आणि ती राखताना एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की मी एक कधीही न उघडणारा नळ बनवतोय.

दस्तगीरभाईनं जुना कॉक घेतला, आत खिळा घालून खरवडला आणि कपाळावर हात मारला. "आतनं टाका मारलाय वो बाई. चकती बसवून डाग दिलाय आन वरनं घासून सपाट केलंय. माझ्या वस्तादाचंच काम असणार. शहात्तर-सत्त्याहत्तर साली गाडी त्याच्याकडंच हुती. उन्हाळ्यात कॉक गळून पायावर कढत पाणी आलं असंल, मग त्यानं कायमचा बंद करून टाकला. आपल्याकडं हीटर कुणाला लागतोय, म्हणून सगळेच असं करत्यात. मला वाटलं आत गंज धरलाय."

"सत्त्याहत्तर साली," बाई म्हणाल्या. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे सतरा हिवाळे मी पहाटे निघताना हीटर लावतेय, पाय गारठतात म्हणून वर दोन दोन मोजे घालतेय आणि स्वतःला सांगतेय की द्वारका, वय झालं, तुला थंडी फार वाजते."

आणि त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणं ऐकून दस्तगीरभाईही हसला. शिनूभाऊ मात्र हसले नाहीत.

"आत्या, सोमवारला दोनच दिवस राहिलेत," ते म्हणाले. "नाही जमलं तर आपलं ठरलंय ते ठरलंय."

"ठरलंय ते मला पाठ आहे." हसू तसंच ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "मगदूम, किती वर्षं हे काम करताय?"

"अठरा."

"आणि कुणी वस्तू आणली की ती कशासाठी आहे हे तुम्ही विचारत नाही?"

"न्हाई."

"कधीच?"

"आमच्यात तशी पद्धत न्हाई, बाई."

"बरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पोट दुखतंय म्हणून बाई आली आणि कुठे, कधीपासून हे न विचारता मी औषध दिलं असतं, तर लोकांनी मला गावाबाहेर काढलं असतं."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रागावर उत्तर देता येतं. माझे कान तापले. मग मला एक सुचलं, आणि ते बोलायला माझी जीभ अडखळली, कारण आमच्या धंद्यात असं कुणी विचारत नाही.

"बाई, नमुना कापू का?"

नमुना हा गिऱ्हाइकाचा असतो. त्याला ओरखडा पाडायचा नाही, काम झालं की होता तसा फडक्यात बांधून परत द्यायचा. वडिलांनी आयुष्यात एक नमुना कापला नव्हता. बाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं.

"कापा की," त्या म्हणाल्या. "पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय कळणार कसं?"

शनिवारी सकाळी मी तो जुना कॉक शिकंज्यात धरला आणि हॅकसॉनं उभा चिरला. दोन फाकी बाकावर ठेवून त्यांच्यापुढं स्टूल घेऊन बसलो. पाणी इकडून येतं. मधल्या फिरकीला आडवं भोक आहे. दांडी फिरवली की ते भोक वाटेच्या सरळ रेषेत येतं आणि पाणी पार जातं. पुन्हा फिरवली की भोक आडवं होतं आणि पाणी अडतं. इतकी साधी गोष्ट. पाण्याची वाट मी बोटानं तीन-चार वेळा चालून बघितली.

तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली आणि मी एकटाच दुकानात मोठ्यानं हसलो. फिरकीच्या भोकात चुना साचून ते निम्मं बुजलेलं होतं. मी माप घेताना त्या चुन्यासकट माप घेतलं होतं. म्हणजे टाक्याची भिंत तर मी उतरवलीच होती, पण वर्षानुवर्षांचा साचलेला चुनाही नमुन्याबरहुकूम उतरवला होता. भिंत फोडून कॉक बसवला असता तरी त्यातून पाणी दोऱ्याएवढंच गेलं असतं आणि सोमवारी घाटात बाईंची गाडी उकळली असती. ती भिंत नसती तर माझी ही दुसरी चूक कुणालाही कळली नसती. बाईंची गाडी ठाण्याला गेली असती आणि मी नमुन्याबरहुकूम म्हणत छाती काढून फिरलो असतो.

मी दुपारी जेवायला घरी गेलो नाही. माझ्या कॉकमधली भिंत पाडली, वाट गुळगुळीत केली. फिरकी नवी घडवली, भोक खऱ्या मापाचं पाडलं, आणि बारीक भुकटी लावून ती हातानं घासत बसलो. वाट मोकळी हवी आणि बंद केल्यावर थेंब गळायला नको. संध्याकाळी कॉक तोंडाला लावून फुंकला. हवा पार गेली. दांडी फिरवून फुंकला, तर गाल फुगले. दहा वेळा तरी मी हे केलं असेल. शेजारच्या दुकानातला कारागीर दारात येऊन विचारून गेला की पिपाणी शिकायला लागलायस काय.

रविवारी तो बसला. दस्तगीरभाईनं कागदी गॅस्केट कापून खाली घातलं, दोन बोल्ट आवळले, नळीला पट्टी लावली, दांडीची तार जोडली. इंजिन तापलं तसा त्यानं नळीला हात लावला आणि चटकन काढून घेतला. मग बोट तोंडात घालून माझ्याकडं बघून मान हलवली. बाई गाडीत बसून हीटरच्या तोंडाशी हात धरून होत्या.

"सोमवारी तुमच्या भागाला सुट्टी असते ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग आमच्याबरोबर चला."

"मी कशाला, बाई? मिस्त्री न्या की."

"मिस्त्रीनं ही गाडी हजार वेळा बघितलीय. तुम्ही बनवलंय ते काय करतं ते तुम्ही एकदा बघा."

पहाटे सहाला आम्ही निघालो. बाई चालवत होत्या, शेजारी भाऊ, मागे मी आणि औषधांच्या दोन पेट्या. गगनबावड्यापर्यंत रस्ता सोपा, पुढे घाटाचा उतार. उतारावर काळजी नव्हती. खाली शाळेत पोचलो तेव्हा चाळीस-पंचेचाळीस बायका व्हरांड्यात बसलेल्या होत्या. बाईंनी दुपारपर्यंत त्या सगळ्या तपासल्या. प्रत्येकीला त्या आधी विचारायच्या, मग हात लावायच्या. मी व्हरांड्यात बसून ते ऐकत होतो. बाईंनी मला उद्देशून काही म्हटलं नाही, पण माझं मला समजत होतं.

साडेबाराला परत निघालो. मेमधल्या कोकणातलं साडेबाराचं ऊन काय असतं ते ज्यांनी खाल्लंय त्यांनाच ठाऊक. घाटाच्या पायथ्याशी बाईंनी गाडी हळू केली.

"शिनू, इथून सुरू," त्या म्हणाल्या, आणि हीटरची दांडी ओढली. पंखा घरघरायला लागला.

पहिल्या दोन वळणांत काही वाटलं नाही. तिसऱ्या वळणाला भाऊंनी शर्टाचं वरचं बटण सोडलं, चौथ्याला दुसरं. खिडक्या उघड्या होत्या, पण बाहेरचा वाराही भट्टीतलाच होता. हीटरचं तोंड नेमकं भाऊंच्या गुडघ्यांवर. त्यांनी पाय उचलून जरा वर घेतले, मग बुटांसकट आसनावर मांडी घातली. बँकेचे अधिकारी कडक इस्त्रीच्या पँटीत मांडी घालून बसलेले मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आत्या, तुला गरम होत नाही?"

"होतंय."

"मग?"

"मग काय? इंजिनला होण्यापेक्षा मला झालेलं बरं."

माझी नजर काट्यावर होती. पाणी किती तापलंय ते दाखवणारा तो काटा दस्तगीरभाईनं डॅशबोर्डखाली बसवला होता, आणि दोन आसनांच्या फटीतून तो मला दिसायचा. काटा मध्यापासून जरा वर जाऊन थांबला होता. अर्धा घाट असाच गेला. ज्या दगडावर त्या चार तास बसल्या होत्या तो बाईंनी हनुवटीनं दाखवला आणि गाडी पुढे नेली.

मग एका वळणानंतर पुढे ट्रक आला. जांभ्याच्या चिऱ्यांनी गच्च भरलेला, माणसाच्या चालीनं चढणारा. ओलांडायला जागा नव्हती. बाईंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. इंजिन ओरडायला लागलं, वेग नाही, समोरून वारा नाही. काटा हलला. मध्य सोडून तो तांबड्या पट्टीकडे चालायला लागला, आणि मी पुढच्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी धरली.

 भाऊही काट्याकडेच बघत होते. काटा तांबड्या पट्टीला टेकला.

बाईंनी पंख्याचं बटण आणखी पुढे फिरवलं. "तुमची दया येऊन मी अर्ध्यावरच ठेवला होता," त्या म्हणाल्या.

आता जे आलं त्याला गरमी म्हणणं म्हणजे त्याचा अपमान होता. मागे बसून माझे डोळे चुरचुरायला लागले, तर पुढं काय झालं असेल. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी एकच विचार करत होतो. पुढं बॉनेटखाली एक फिरकी आहे, तिच्यात एक भोक आहे, त्या भोकातून आत्ता उकळतं पाणी चाललंय आणि त्याची वाट मी बोटानं चाललोय. ते भोक पुरेल की नाही? बोल्ट धरतील की नाही? अठरा वर्षांत माझ्या हातून किती हजार वस्तू गेल्या, त्यातली एकही काम करताना मी बघितली नव्हती. माझ्या हातावेगळी झाली की ती मला मेली. आणि आता ही एक काम करत होती, आणि तिच्यावर बाईंची गाडी लटकलेली होती.

काटा पट्टीवर थांबला. वर गेला नाही. ट्रकच्या मागून आम्ही एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. मग तो थोडा मागं आला. मला वाटलं गाडीच्या धक्क्यानं हलला असेल. पुन्हा थोडा मागं आला. अगदी खरं सांगतो, मुलगा झाला तेव्हाही मी इतका येडा झालो नव्हतो.

"आत्या," भाऊ म्हणाले. त्यांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. "मी हरलो. मान्य. बंद कर ते."

"अजून चार वळणं आहेत."

"मी म्हणतोय ना हरलो. लिहून देतो."

"वर गेल्यावर दे," बाई म्हणाल्या, आणि ट्रकनं जरा बाजू दिली तशी हॉर्न वाजवून त्यांनी गाडी पुढे काढली.

गगनबावड्याला वर आलो आणि वारा लागला. गार, ओला, अंगावरून हात फिरवल्यासारखा. बाईंनी एका टपरीजवळ गाडी उभी केली, हीटर बंद केला, इंजिन बंद केलं. भाऊ दार उघडून बाहेर पडले आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून नुसता श्वास घेत राहिले. मी बॉनेट उचललं. कॉकभोवती सगळीकडे बोट फिरवून बघितलं. बोट भाजलं, पण कोरडं होतं.

बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणालो. भाजलेलं बोट मी तोंडात घातलं.

भाऊ तीन चहा सांगून आमच्याकडे आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पण ते हसत होते. "आत्या, तू जिंकलीस. ठाण्याच्या माणसाला आजच नाही म्हणून कळवतो. आता कधी हा विषय काढणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी चहा संपवला, कप टपरीवर ठेवला. मग गाडीची किल्ली काढून भाऊंच्या हातात दिली.

"आता तू चालव."

भाऊ किल्लीकडे बघत राहिले. "का? बरं नाही वाटत का? चक्कर येतेय?"

"मला काही झालेलं नाही."

"मग? जिंकलीस ना तू?"

"म्हणूनच देतेय," त्या म्हणाल्या. "खाली बंद पडली असती तर तू घेतली असतीस. आता मी देतेय." त्यांनी मागं घाटाकडं बघितलं. "शिनू, आज दोन वळणांवर कडेचा दगड मला फार उशिरा दिसला. तुमचं दोघांचं लक्ष काट्यावर होतं, तुम्हाला कळलं नाही. मला गेल्या महिन्यातही कळलं होतं. पण गाडी उकळली म्हणून द्वारकाबाईंनी गाडी सोडली, असं मला व्हायला नको होतं. तिचा काही दोष नाही."

भाऊंनी किल्ली मुठीत धरली.  आम्ही सगळ्यांनी चार दिवस इंजिनाची काळजी केली होती, आणि बिघडलं काय आहे हे त्यांना एकटीला माहीत होतं.

"पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सहाला ये," त्या म्हणाल्या. "रजा आधीच टाकून ठेव. उशीर चालणार नाही, तिथे बायका चालत येतात."

"दर महिन्याला?"

"मग काय, गाडी नुसती धुऊन ठेवायची?"

बाई मागे येऊन माझ्याशेजारी बसल्या. औषधाच्या पेट्या त्यांनी मांडीवर घेतल्या, पदर सारखा केला. भाऊ चालकाच्या जागी बसले, आसन मागं सरकवलं, आरसा हलवला, पुन्हा हलवला. किल्ली फिरवली, गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीनं दोन गचके खाल्ले आणि इंजिन बंद पडलं.

टपरीवरची माणसं बघायला लागली. भाऊंनी आरशातून हळूच मागे आत्याकडे बघितलं.

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचा डावा हात पेटीवर नुसता पडून होता. मधलं बोट गिअर टाकल्यासारखं एकदा हललं, आणि मग त्यांनी त्यावर उजवा हात ठेवला.